हरवलेल्या फेजच्या जागी: कपॅसिटर, विद्युत मोटर आणि बिघाडाचा इतिहास

या पाठाविषयी

कपॅसिटर बिघडला की मोटरचे काय होते, हा प्रश्न सहसा दुरुस्तीच्या पुस्तकात येतो. या पाठात आपण तो इतिहासाच्या अंगाने पाहणार आहोत. पाठ वाचून झाल्यावर तुम्हाला पुढील गोष्टी सांगता आल्या पाहिजेत: एका फेजवरच्या मोटरला कपॅसिटर का लागतो, तो मोटरमध्ये केव्हा आणि कसा आला, त्याच्या बिघाडाचे कोणते प्रकार आहेत, आणि शहरातल्या घरात व खेड्यातल्या विहिरीवर त्या बिघाडाची किंमत कोण मोजतो. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना यातील आकडेमोड ओळखीची वाटेल. इतिहास किंवा समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ती सोडून पुढे वाचले तरी मुद्दा कळेल.

1. प्रस्तावना

बंगळूरच्या दक्षिणेला बनशंकरी ही मोठी वसाहत आहे. कनकपुरा रस्त्यावर 1915 मध्ये उभारलेल्या बनशंकरी देवीच्या मंदिरावरून तिला हे नाव मिळाले. बदामीजवळची मूळ बनशंकरी ही अनेक मराठी घराण्यांची कुलदेवता असल्यामुळे हे नाव मराठी वाचकाला परके वाटणार नाही. नगरविकास संस्थांनी आखलेल्या टप्प्यांनुसार ही वसाहत वाढत गेली. इथल्या बहुतेक घरांची रचना सारखीच आहे: जमिनीखाली पाण्याची टाकी, जिला इथे सगळे 'संप' म्हणतात, गच्चीवर दुसरी टाकी, आणि दोन्हींच्या मध्ये अर्धा किंवा एक हॉर्सपॉवरचा पंप.

एखाद्या सकाळी हा पंप सुरू करावा आणि त्याने फक्त घुमावे, फिरू नये, असा प्रसंग तुमच्यापैकी अनेकांच्या घरी आला असेल. मेकॅनिक येतो, आवाज ऐकतो आणि म्हणतो, "कंडेन्सर गेला." जुना डबा काढून नवा बसवला की पंप चालू होतो. मोटरच्या तुलनेत हा डबा अगदी स्वस्त असतो. मात्र पंप घुमत असताना बटण चालूच राहिले, तर काही मिनिटांत वाइंडिंग जळते आणि खर्च अनेक पटींनी वाढतो.

आता एक प्रश्न विचारा. कारखान्यातल्या शंभर हॉर्सपॉवरच्या मोटरला सुरू होण्यासाठी असा डबा लागत नाही. मग घरातल्या अर्ध्या हॉर्सपॉवरच्या मोटरला तो का लागतो? याचे उत्तर मोटरच्या आकारात सापडत नाही. कारखान्याला तीन फेज मिळतात, घराला एक मिळते. घरापर्यंत न आलेल्या फेजचे काम कपॅसिटर करतो. तो कमजोर झाला की मोटरला ती उणीव पुन्हा भोवते. हा या पाठाचा मुख्य मुद्दा आहे.

2. फिरते चुंबकीय क्षेत्र: 1885 ते 1891

इटलीतील तुरिन येथे गॅलिलिओ फेरारिस यांनी 1885 मध्ये एक प्रयोग केला. एकमेकींशी काटकोनात ठेवलेल्या दोन गुंडाळ्यांतून त्यांनी दोन प्रत्यावर्ती प्रवाह सोडले. हे प्रवाह एकाच वेळी शिखरावर पोहोचत नव्हते; एक दुसऱ्याच्या मागे होता. परिणामी मधल्या जागेत चुंबकीय क्षेत्र फिरू लागले आणि तिथे टांगलेले तांब्याचे नळकांडे त्यामागे ओढले जाऊन फिरले. फेरारिस यांनी हे काम 1888 मध्ये प्रसिद्ध केले. त्याच वर्षी मे महिन्यात निकोला टेस्ला यांना अमेरिकेत बहुफेज मोटरची पेटंटे मिळाली. 1889 मध्ये जर्मनीच्या एईजी कंपनीत मिखाईल डोलिवो-डोब्रोवोल्स्की यांनी तीन फेजची पिंजरा-मोटर बनवली. 1891 च्या फ्रँकफुर्ट प्रदर्शनात तीन फेजची वीज लाउफेनहून सुमारे 175 किलोमीटर वाहून आणली गेली.

या मोटरचे मोठेपण तिच्या साधेपणात होते. रोटरला ब्रश नाही, कम्युटेटर नाही, बाहेरून जोडलेली तार नाही. क्षेत्र फिरते आणि रोटर त्याच्या मागे फिरतो. पण त्यासाठी किमान दोन प्रवाह हवेत, आणि ते वेळेच्या दृष्टीने मागेपुढे असायला हवेत.

एकच फेज दिली तर काय होते? स्टेटरचे क्षेत्र फिरत नाही. एकाच रेषेत वाढते, शून्य होते, उलटते. गणिताने हे क्षेत्र दोन समान क्षेत्रांची बेरीज म्हणून मांडता येते: एक घड्याळाच्या दिशेने फिरणारे, दुसरे उलट. रोटर स्थिर असताना दोघांचे टॉर्क बरोबर समान असतात आणि एकमेकांना रद्द करतात. म्हणून मोटर घुमते, पण जागची हलत नाही. तिला कोणत्याही एका दिशेने ढकलले, तर ती त्या दिशेने वेग घेते. एका फेजच्या मोटरचा हा मूळ दोष आहे. पुढची चाळीस वर्षे अभियंते त्यावर उपाय शोधत होते.

3. कावेरीची वीज आणि बंगळूर

भारतात तीन फेजच्या विजेचे पहिले मोठे काम म्हैसूर संस्थानात झाले. कावेरीवरील शिवनसमुद्र येथे 1902 मध्ये जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि तिथली वीज सुमारे 147 किलोमीटर दूर कोलारच्या सोन्याच्या खाणींकडे नेली गेली. लाउफेन ते फ्रँकफुर्ट या प्रयोगानंतर जेमतेम अकरा वर्षांत ही वाहिनी उभी राहिली, हे लक्षात घ्या. बंगळूर शहराला वीज मिळाली ती 1905 च्या ऑगस्टमध्ये. म्हणजे आधी खाण, मग शहर. तीन फेज यंत्रांसाठी होत्या; घरांना दिवे लावायचे होते आणि दिव्याला एक फेज पुरते.

इथेच एक विभागणी पक्की झाली. उद्योगाला तीन तारा, घराला एक फेज व न्यूट्रल. मुंबईतही 1915 पासून खोपोलीची वीज प्रामुख्याने गिरण्यांसाठी आली. जगभर हेच झाले, कारण दोन तारांचे वितरण स्वस्त पडते आणि दिव्यांच्या काळात त्यात काही उणीव जाणवत नव्हती. घरात मोटर येईल, पंखा, पंप, शीतकपाट येईल, तेव्हा काय करायचे, हा प्रश्न पुढे ढकलला गेला.

आणखी एक तपशील उपयोगी आहे. शिवनसमुद्रची वीज 25 हर्ट्झची होती. आजची 50 हर्ट्झ व्यवस्था नंतर आली. कपॅसिटरमधून जाणारा प्रवाह वारंवारतेच्या प्रमाणात बदलतो. 230 व्होल्टच्या विजेवर 2.5 मायक्रोफॅरडचा पंख्याचा कपॅसिटर 50 हर्ट्झला सुमारे 0.18 अँपिअर प्रवाह जाऊ देतो. 25 हर्ट्झला 0.09 अँपिअर. तेवढाच प्रवाह हवा असेल तर दुप्पट मोठा कपॅसिटर लागला असता. कपॅसिटरचे मूल्य मोटर, व्होल्टेज आणि वारंवारता या तिघांशी जुळवलेले असते, हे यावरून लक्षात येईल.

4. कंडेन्सर मोटरमध्ये कसा आला

पहिला उपाय होता फेज फोडण्याचा. मुख्य वाइंडिंगशी काटकोनात एक बारीक तारेचे सहायक वाइंडिंग बसवायचे. तारेचा रोध जास्त असल्यामुळे त्यातला प्रवाह मुख्य प्रवाहापेक्षा थोडा आधी शिखरावर पोहोचतो. पण हा फरक साधारण 30 अंशांचा असतो आणि हवे असतात 90 अंश. म्हणून सुरुवातीचा टॉर्क कमी आणि प्रवाह जास्त.

सहायक वाइंडिंगच्या मार्गात कपॅसिटर घातला तर फरक 90 अंशांच्या जवळ नेता येतो, हे 1890 च्या दशकातच ठाऊक होते. चार्ल्स स्टाइनमेट्झ यांनी त्या काळात अशा मोटरवर काम केले. अडचण कपॅसिटरची होती. मेणकागद आणि धातूच्या पत्र्याचे त्या वेळचे कपॅसिटर अवजड आणि महाग होते. मोटरपेक्षा तिचा कपॅसिटर मोठा, अशी अवस्था. त्यामुळे पहिल्या शीतकपाटांत आणि पंपांत ब्रश व कम्युटेटर असलेल्या रिपल्शन मोटरींचा बराच वापर झाला.

1920 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत बेंजामिन बेली यांच्यासारख्या अभियंत्यांनी कंडेन्सर मोटरचा विषय पुन्हा हाती घेतला. 1930 च्या दशकात लहान आकारात मोठी धारिता देणारे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर स्वस्त झाले आणि चित्र बदलले. तेव्हापासून दोन प्रकार रूढ आहेत:

* स्टार्ट कपॅसिटर. इलेक्ट्रोलिटिक, दहापासून शेकडो मायक्रोफॅरडपर्यंत. फक्त काही सेकंदांसाठी. मोटर साधारण 75 टक्के वेगाला पोहोचली की सेंट्रिफ्यूगल स्विच किंवा रिले त्याला बाहेर काढतो.
* रन कपॅसिटर. कागदाचा, आणि नंतर पॉलिप्रॉपिलीन फिल्मचा. पंख्यासाठी दोन-तीन मायक्रोफॅरड, पंपासाठी त्याच्या कितीतरी पट. मोटर चालू असेपर्यंत तो मार्गातच राहतो.

पहिल्या पिढीतील अनेक कागदी कपॅसिटरांत पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल जातीची तेले भरलेली असत. ती पेट घेत नसत, म्हणून सुरक्षित समजली गेली. पुढे त्यांचे विषारीपण सिद्ध झाले. अमेरिकेने 1979 मध्ये त्यांच्या उत्पादनावर बंदी घातली, आणि 2001 च्या स्टॉकहोम करारात ती जागतिक यादीत आली. फार जुन्या मोटरचा गळका कपॅसिटर उघड्या हाताने हाताळू नये, याचे हे एक कारण आहे.

'कंडेन्सर' हा शब्दही इतिहास सांगतो. व्होल्टा यांनी 1782 मध्ये विद्युतभार 'घट्ट' करणाऱ्या उपकरणासाठी तो वापरला. विसाव्या शतकात पुस्तकांनी 'कपॅसिटर' स्वीकारला. गॅरेज आणि रिवाइंडिंगच्या दुकानांनी जुना शब्द सोडला नाही.

5. बंगळूर: मोटर बनवणारे शहर

भारतात मोटरींचे उत्पादन 1930 च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाले, कोइमतूरला जी. डी. नायडू यांच्या गटाने 1937 मध्ये बनवलेल्या मोटरचा उल्लेख या संदर्भात नेहमी येतो. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, 1946 मध्ये, बंगळूरमध्ये किर्लोस्कर इलेक्ट्रिक कंपनी स्थापन झाली. तिचे संस्थापक रवी किर्लोस्कर हे लक्ष्मणराव किर्लोस्करांचे पुत्र. लक्ष्मणरावांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली, लोखंडी नांगर बनवला आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. 1941 मध्ये हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर हा यंत्रांचा कारखाना निघाला होता. म्हणजे म्हैसूर संस्थान या मराठी उद्योगघराण्याला नवीन नव्हते. पुढे याच शहरात, बैयप्पनहळ्ळी येथे, एनजीईएफ हा सरकारी कारखाना उभा राहिला. त्याचे परदेशी सहकारी होते एईजी, म्हणजे डोलिवो-डोब्रोवोल्स्की यांचीच कंपनी.

या कारखान्यांचा मुख्य ग्राहक तीन फेज वापरणारा होता: गिरणी, कारखाना, पंपगृह. घरगुती मोटरीची बाजारपेठ वाढली ती वसाहती वाढल्यावर. त्यासाठी भारतीय मानकेही आली. एका फेजच्या लहान मोटरींसाठी आयएस 996, मोटरीच्या कपॅसिटरसाठी आयएस 2993 आणि पंख्याच्या कपॅसिटरसाठी आयएस 1709. कपॅसिटरला वेगळे मानक असणे हेच त्याचे महत्त्व सांगते.

6. बनशंकरीच्या घराला पंप का लागतो

बंगळूरला कावेरीचे पाणी 1974 मध्ये मिळू लागले. हे पाणी शिवनसमुद्राजवळच्या बंधाऱ्यावरून घेतले जाते, म्हणजे नदीच्या ज्या टापूने शहराला वीज दिली त्याच टापूने पुढे पाणी दिले. तोरेकाडनहळ्ळी, हारोहळ्ळी आणि तातगुणी अशा तीन टप्प्यांत ते सुमारे 100 किलोमीटर अंतर आणि सुमारे 500 मीटर उंची चढून शहरात येते. त्या पंपगृहांतल्या अजस्र मोटरी तीन फेजवर चालतात.

पण हा दाब गच्चीपर्यंत टिकत नाही. पाणी ठरावीक वेळी येते आणि संपमध्ये पडते. शेवटचे दहा-पंधरा मीटर घरमालकाने स्वतःच्या विजेवर चढवायचे असतात, आणि बहुतेक लहान घरांत ही वीज एका फेजची असते. अशा रीतीने 500 मीटर चढून आलेले पाणी शेवटी एका छोट्या कपॅसिटरवर अवलंबून राहते.

बोअरवेल असलेल्या घरांत स्थिती अधिक अवघड आहे. सबमर्सिबल मोटर जमिनीत खोल असते आणि तिचे स्टार्ट व रन कपॅसिटर वर पॅनेलच्या पेटीत असतात. मोटर घुमते आहे की फिरते आहे, हे कानाला कळत नाही. तिथे पेटीवरचा अँपिअरमीटर हाच कान. काटा वर जाऊन तिथेच अडकला, तर लगेच बंद करायचे. कपॅसिटर बदलायला दहा मिनिटे लागतात. जळलेली मोटर वर काढायला पाइपासकट सगळे ओढावे लागते.

7. कपॅसिटर बिघडला की मोटरचे काय होते

बिघाडाचे मुख्य पाच प्रकार लक्षात ठेवा.

अ) पूर्ण उघडा पडणे. आतला जोड तुटतो. सहायक वाइंडिंगमधून प्रवाह जात नाही आणि मोटर 1885 पूर्वीच्या अवस्थेत जाते: एक फेज, दोन विरुद्ध क्षेत्रे, शून्य टॉर्क. ती घुमते. रोटर थांबलेला असल्यामुळे प्रवाह पूर्ण भारापेक्षा समजा पाचपट होतो. तांब्यातील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे पंचवीसपट. शिवाय मोटरचा स्वतःचा पंखा थांबलेला. क्लास बी इन्सुलेशनची मर्यादा 130 अंश सेल्सियस आहे. ती ओलांडायला फार वेळ लागत नाही.

आ) धारिता हळूहळू घटणे. आजच्या फिल्म कपॅसिटरमध्ये हा सर्वांत जास्त आढळणारा बिघाड. प्लास्टिकच्या फिल्मवर धातूचा थर इतका पातळ असतो की तो नॅनोमीटरांत मोजावा लागतो. फिल्ममध्ये एखाद्या बिंदूला छिद्र पडले की भोवतीचा धातू क्षणात वाफ होऊन उडतो आणि दोष वेगळा पडतो. याला 'आपोआप बरे होणे' म्हणतात. प्रत्येक वेळी थोडे क्षेत्रफळ कमी होते आणि धारिता उतरते. कपॅसिटर मरत नाही, झिजतो.

याचा परिणाम आकड्यांत पाहू. सुरुवातीचा टॉर्क दोन्ही वाइंडिंगांतील प्रवाह आणि त्यांच्यातील कोनाची साइन यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो. धारिता 70 टक्क्यांवर आली तर सहायक प्रवाह साधारण तेवढाच उरतो. आता समजा संध्याकाळी व्होल्टेज 230 वरून 180 वर आले. टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो: 180 भागिले 230 चा वर्ग 0.61. दोन्हींचा गुणाकार सुमारे 0.43. सकाळी चालणारा पंप संध्याकाळी का अडतो, हे यावरून समजते. दोष विजेचा की कपॅसिटरचा, असा वाद होतो; बऱ्याचदा दोघांचा असतो.

चालू मोटरवरही परिणाम होतो. उलट फिरणारे क्षेत्र पुरेसे दाबले जात नाही. ते रोटरमध्ये जवळजवळ 100 हर्ट्झचे प्रवाह निर्माण करते, त्यामुळे रोटर तापतो आणि थरथर वाढते. पंख्यात हेच मंद गतीच्या रूपाने दिसते. बेअरिंगला तेल देऊन किंवा रेग्युलेटर बदलून फरक पडला नाही, तर कपॅसिटर मोजून पाहा.

इ) आतून शॉर्ट होणे. आता सहायक वाइंडिंगला थेट पूर्ण व्होल्टेज मिळते. प्रवाह वाढतो, पण तो हव्या त्या कोनात नसतो, म्हणून टॉर्क मिळत नाही आणि वाइंडिंग तापते. फ्यूज किंवा एमसीबी उडाला तर नशीब.

ई) स्टार्ट कपॅसिटर मार्गात अडकून राहणे. खरा दोष सेंट्रिफ्यूगल स्विचचा असतो. त्याचे पॉइंट चिकटतात आणि काही सेकंदांसाठी बनवलेला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सतत चालू राहतो. तो उकळतो, फुगतो, फुटतो. इथे नुसता कपॅसिटर बदलला तर नवाही थोड्याच दिवसांत जातो.

उ) चुकीच्या मूल्याचा कपॅसिटर. 'मोठा बसवला तर मोटर जोरात चालेल' ही समजूत चुकीची आहे. मोठ्या कपॅसिटरमुळे सहायक वाइंडिंगमधील प्रवाह वाढतो आणि तेच आधी जळते. व्होल्टेजचेही तसेच. पुरवठा 230 व्होल्टचा असला तरी डब्यावर 440 व्होल्ट लिहिलेले असते, कारण कपॅसिटर आणि वाइंडिंग एकाच मार्गात असल्याने कपॅसिटरवरचे व्होल्टेज पुरवठ्यापेक्षा बरेच वर जाते. कमी व्होल्टेजचा डबा स्वस्त पडतो आणि लवकर जातो. तापमानही आयुष्य खाते. दर 10 अंश वाढीला आयुष्य सुमारे निम्मे होते, असा ढोबळ नियम आहे. उन्हात तापणाऱ्या पत्र्याच्या पेटीतला कपॅसिटर सावलीतल्या कपॅसिटरइतका टिकत नाही.

*सावधानता:* वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये भार राहू शकतो. टोके स्क्रूड्रायव्हरने जोडून ठिणगी पाडणे ही दुकानांतली जुनी रीत धोकादायक आहे. भार योग्य रोधातून उतरवतात आणि धारिता मीटरने मोजतात. घुमणाऱ्या मोटरला हाताने किंवा काठीने ढकलून सुरू करू नका.

8. शेतातला कंडेन्सर

आता शहराबाहेर येऊ. विहिरीवरचा तीन किंवा पाच हॉर्सपॉवरचा पंप सहसा तीन फेजचा असतो. त्याला सुरू व्हायला कपॅसिटर लागत नाही. तरीही महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात 'कंडेन्सर' हा शब्द शेतकऱ्याच्या तोंडी आहे, आणि तो दोन वेगळ्या गोष्टींसाठी येतो. विद्यार्थी या दोन्हींची गल्लत करतात.

*पहिली गोष्ट: पॉवर फॅक्टरचा कपॅसिटर.* तो मोटरला समांतर जोडतात. महावितरण शेतकऱ्यांना कृषिपंपाला कपॅसिटर बसवण्याचे आवाहन वर्षानुवर्षे करते आहे, ते याच कपॅसिटरसाठी. पॉवर फॅक्टर 0.75 वरून 0.95 वर गेला तर तेवढ्याच कामासाठी तारेतला प्रवाह सुमारे 79 टक्क्यांवर येतो आणि तारेतला तोटा 38 टक्क्यांनी घटतो. हा कपॅसिटर बिघडला तर मोटर चालतच राहते, म्हणून शेतकऱ्याला कळत नाही. पण डीपीवरच्या सगळ्याच पंपांचे कपॅसिटर निकामी झाले, तर प्रवाह वाढतो, व्होल्टेज पडते आणि शेवटी ट्रान्सफॉर्मर जळतो. एकाचा बिघाड, नुकसान सगळ्यांचे.

*दुसरी गोष्ट: फेज बनवणारा कपॅसिटर.* 2005 च्या सुमारास महाराष्ट्रात भारनियमन तीव्र होते. तीन फेजची वीज काही तासच मिळे. उरलेल्या वेळात गावातल्या दिव्यांपुरती वीज ठेवून शेतीचे पंप बंद राहावेत, अशी व्यवस्था केली जाई. पीक मात्र वेळापत्रक पाहत नाही. शेतकऱ्यांनी दोन तारांवर तीन फेजची मोटर चालवण्यासाठी कपॅसिटर जोडले. या जोडणीला पाठ्यपुस्तकात 'स्टाइनमेट्झ जोडणी' म्हणतात. तेच स्टाइनमेट्झ, ज्यांचा उल्लेख चौथ्या भागात आला. 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झसाठी दर किलोवॅटला सुमारे 70 मायक्रोफॅरड, असा त्यासाठीचा ढोबळ आकडा आहे.

ही युक्ती शास्त्राला धरून आहे, पण तिच्या मर्यादा कडक आहेत. निवडलेले मूल्य एकाच भाराला जुळते. विहिरीतले पाणी खाली गेले, भार बदलला, की तिन्ही वाइंडिंगांतले प्रवाह असमान होतात. व्होल्टेजमधील असमानतेच्या साधारण सहा ते दहापट असमानता प्रवाहात उमटते. मोटर तापते, कपॅसिटर थोडा जरी उतरला तरी अधिकच. शिवाय सगळा भार दोन फेजांवर आल्याने ट्रान्सफॉर्मरलाही ताण पडतो.

वीज कंपन्यांनी यावर गावठाण आणि शेती यांचे फीडर वेगळे करण्याचा मार्ग घेतला. महाराष्ट्रात गावठाण फीडर विलगीकरण व सिंगल फेजिंगच्या योजना झाल्या. गुजरातेत ज्योतिग्राम आणि कर्नाटकात निरंतर ज्योती ही त्याच जातीची कामे. गावाला चोवीस तास दिवे मिळावेत, आणि शेतीच्या विजेचे तास कंपनीच्या हाती राहावेत, हा हेतू. दिव्यांचा प्रश्न सुटला. शेतकऱ्याचा प्रश्न, तीन फेज केव्हा आणि किती वेळ, हा शिल्लक राहिला.

9. समारोप

बनशंकरीतला पंप आणि विहिरीवरची स्टाइनमेट्झ जोडणी यांची तुलना करा. दोन्हीकडे कपॅसिटर न मिळालेल्या फेजची भरपाई करतो. फरक असा की घरातली मोटर त्यासाठीच बनवलेली आहे. कपॅसिटरचे मूल्य कारखान्यात ठरलेले आहे आणि मानकाने बांधलेले आहे. शेतातली मोटर तीन फेजसाठी बनलेली आहे आणि भरपाई शेतकऱ्याने स्वतःच्या जोखमीवर केलेली आहे. म्हणून तिथे मोटर जळणे ही केवळ तांत्रिक घटना नसते. वितरणाचा एक निर्णय कोणाच्या खर्चावर चालला आहे, हेही त्यात दिसते.

पंख्यांत आता ब्रश नसलेल्या डीसी मोटरी येत आहेत. 1 जानेवारी 2023 पासून छताच्या पंख्यांना ऊर्जाबचतीचे तारांकन सक्तीचे झाल्यामुळे त्यांना वेग मिळाला. या पंख्यांत फेज इलेक्ट्रॉनिक सर्किट तयार करते, त्यामुळे बाहेरचा रन कपॅसिटर नाहीसा होतो. मात्र त्या सर्किटच्या आतही कपॅसिटर असतातच, आणि उष्णता त्यांचेही आयुष्य कमी करते. बिघाडाची जागा बदलली आहे. ती शोधण्यासाठी आता निराळे कौशल्य लागेल.

सारांश

1. एका फेजवर मोटर स्वतःहून सुरू होत नाही. कपॅसिटर दुसऱ्या फेजचे काम करतो.
2. ही कल्पना 1890 च्या दशकातली आहे. स्वस्त कपॅसिटरमुळे ती 1930 च्या दशकात घराघरांत पोहोचली.
3. उघडा पडणे, झिजणे, शॉर्ट होणे, मार्गात अडकणे आणि चुकीचे मूल्य, हे बिघाडाचे पाच प्रकार आहेत.
4. पॉवर फॅक्टरचा कपॅसिटर आणि फेज बनवणारा कपॅसिटर वेगळे आहेत. पहिला बिघडला तर मोटर चालते, दुसरा बिघडला तर ती जळते.

स्वाध्याय

1. एका पंपाच्या कपॅसिटरवर 300 व्होल्ट व्होल्टेज आणि त्यातून 1.5 अँपिअर प्रवाह मोजला. वारंवारता 50 हर्ट्झ आहे. धारिता काढा. डब्यावर 20 मायक्रोफॅरड लिहिले असेल तर तो बदलावा का? कारण द्या.
2. शिवनसमुद्रच्या 25 हर्ट्झ विजेवर आजचा छताचा पंखा चालवला असता तर कपॅसिटरच्या प्रवाहावर काय परिणाम झाला असता?
3. तुमच्या भागातील रिवाइंडिंगच्या दुकानात जाऊन विचारा: जळून आलेल्या मोटरींपैकी किती जणांनी आधी मोटर 'घुमत' असल्याचे सांगितले होते? उत्तराची नोंद अर्ध्या पानात करा.
4. 'घराला एक फेज आणि कारखान्याला तीन' हा निर्णय तांत्रिक होता की आर्थिक? बंगळूर आणि मुंबई यांच्या उदाहरणांवरून चर्चा करा.